फ्लूच्या लशीनंतर खांदा धरला तर: अमेरिकेतली भरपाई आणि तारखांचा हिशोब

२०१८ च्या ऑक्टोबरात माझ्या ताईने न्यू जर्सीतल्या एका फार्मसीत फ्लूची लस घेतली. अंगात घट्ट बाह्यांचा कुर्ता होता, बाही वर सरकेना, म्हणून तिने गळ्याकडून कुर्ता थोडा खाली ओढला, खांद्याचा वरचा भाग तेवढा उघडा पडला, आणि लस देणाऱ्या बाई उभ्या, ताई खुर्चीत बसलेली, त्यांनी तिथेच वर, हाडाच्या लगेच खाली सुई घातली. रात्री साडेदहाला मला ताईचा मेसेज, "खांदा जाम ठणकतोय गं, फार वर टोचली वाटतं." मी म्हटलं टायलेनॉल घे, दोन दिवसांत जाईल. कोणीही हेच म्हणेल, कारण लस घेतली की दंड दुखतोच.

पण ते गेलं नाही. दिवाळीला सोऱ्या दाबता येईना म्हणून चकल्या भाओजींनी पाडल्या, हात पाठीमागे जाईना म्हणून केस बांधायला मुलगी लागायची, वरच्या कपाटातला कुकर काढायचा तर स्टुलावर चढून डाव्या हाताने. एवढं होऊनही ताई डॉक्टरकडे गेली ती फेब्रुवारीत. मधे जानेवारीत थायरॉइडच्या तपासणीला गेली होती तेव्हा खांद्याबद्दल अक्षरही बोलली नाही. दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याला आईकडून मिळते आणि आईला तिच्या आईकडून, आणि भरपाईच्या केसमध्ये सगळ्यात जास्त नुकसान ह्याच सवयीने होतं, म्हणून हे लिहितेय. मी वकील नाही, पण ताईच्या केसचे कागद दोन वर्षं मीच जमवत होते, त्यामुळे काय लागतं आणि कुठे अडतं ते जवळून बघितलंय.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. हा लेख लशीच्या विरोधात नाही. ताई आजही दर वर्षी फ्लूची लस घेते आणि मीही घेते. प्रॉब्लेम बहुतेक वेळा लशीत नसतो, सुई कुठे आणि किती खोल गेली त्यात असतो.

दंडाच्या वरच्या भागात डेल्टॉइड नावाचा जाड स्नायू असतो, लस त्याच्या मधोमध द्यायची. खांद्याच्या टोकाला हाताला लागतं ते हाड शोधायचं, तिथून दोन-तीन बोटं खाली यायचं, ती जागा. त्याच्या वर सुई गेली तर स्नायूखाली बर्सा म्हणून एक पातळ पिशवी असते, सांधा हलताना घर्षण होऊ नये म्हणून, तिच्यात किंवा सांध्याजवळच्या कंडरांमध्ये औषध जाऊ शकतं. लशीचं कामच मुळी शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणं आहे, ती स्नायूत जागी झाली तर दोन दिवस दंड दुखतो, सांध्याजवळ जागी झाली तर तिथे सूज धरते आणि ती सूज महिनोन्महिने राहू शकते, खांदा आखडतो, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. बारीक चणीच्या माणसाला लांब सुई वापरली तरी हे होऊ शकतं. ह्याला तिकडे सिर्वा म्हणतात, म्हणजे शोल्डर इंज्युरी रिलेटेड टू व्हॅक्सिन अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. हे नाव २०१० साली १३ पेशंटच्या केसेसवर आलेल्या एका पेपरमधून रूढ झालं. प्रकार दुर्मिळ आहे, पण ज्याचा खांदा धरतो त्याला त्या दुर्मिळपणाचा काय उपयोग.

आता कायदा. अमेरिकेत साधारण अशा इजेसाठी डॉक्टरवर नाहीतर कंपनीवर दावा लावतात आणि चूक सिद्ध करावी लागते. लशींचं तसं नाही. १९८० च्या दशकात डांग्या खोकल्याच्या लशीवरून कंपन्यांवर इतके दावे पडले की कंपन्या लस बनवणंच सोडायला लागल्या, मुलांच्या लशींचा तुटवडा पडायची वेळ आली, तेव्हा १९८६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, एक कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून नॅशनल व्हॅक्सिन इंज्युरी कॉम्पेन्सेशन प्रोग्राम सुरू झाला, त्याला सगळे व्हीआयसीपी म्हणतात. ह्यात कोणाची चूक झाली हे सिद्ध करायची गरज नाही. ज्या बाईंनी सुई टोचली त्यांच्यावर केस होत नाही, फार्मसीवर होत नाही, त्यांची नोकरी जात नाही. दावा असतो फेडरल सरकारच्या आरोग्य खात्याच्या सेक्रेटरीविरुद्ध आणि पैसे येतात एका वेगळ्या फंडातून, ज्यात लशीच्या प्रत्येक डोसमागे, ती जितक्या रोगांवर आहे त्या प्रत्येक रोगाचे ७५ सेंट जमा होतात. फ्लूच्या लशीचे ७५ सेंट, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या एकत्र लशीचे सव्वादोन डॉलर. म्हणजे आपण लस घेतली की त्यातले थोडे पैसे ह्यासाठीच बाजूला पडलेले असतात. ताईला हे कळलं तेव्हा तिचा अर्धा संकोच गेला, कारण तिला सारखं वाटत होतं की आपण त्या बिचाऱ्या बाईंच्या पोटावर पाय देतोय.

ह्या कायद्यात एक टेबल आहे, कोणत्या लशीनंतर कोणती इजा किती वेळात झाली तर ती लशीमुळेच झाली असं धरून चालायचं त्याची यादी. फ्लूची लस ह्या प्रोग्राममध्ये २००५ मध्ये आली, आणि सिर्वा टेबलमध्ये आला २१ मार्च २०१७ पासून. तुमची केस टेबलात बसली तर लशीमुळेच हे झालं हे तुम्हाला वेगळं सिद्ध करावं लागत नाही, समोरच्याला ते खोडून काढावं लागतं. हा फार मोठा फायदा आहे. बसण्यासाठी चार गोष्टी लागतात. त्या खांद्याला आधीपासून असं काही दुखणं नसावं ज्याने हे सगळं समजावून सांगता येईल. दुखायला लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत सुरुवात झालेली असावी. दुखणं आणि हात कमी हलणं हे लस दिलेल्या त्याच खांद्यापुरतं असावं, मान किंवा हाताची बोटं किंवा दुसरा खांदा त्यात येऊ नये. आणि दुसरं कोणतं कारण, म्हणजे मानेत दबलेली नस वगैरे, सापडलेलं नसावं.

आपल्या लोकांत डायबेटिस भरपूर, आणि डायबेटिसवाल्यांना फ्रोझन शोल्डर तसाही जास्त होतो, तेव्हा हा प्रश्न समोरून येणार असं धरून चाला. त्याने केस संपत नाही, पण दुखणं नेमकं लशीच्या दिवशीच सुरू झालं हे तितकंच पक्कं दाखवावं लागतं.

आणि ताईची केस अडली ती ह्या ४८ तासांवरच. फेब्रुवारीत डॉक्टरने विचारलं, कधीपासून दुखतंय? ताई म्हणाली दिवाळीपासून खूपच वाढलंय. डॉक्टरने विचारलं दिवाळी कधी असते, ती म्हणाली नोव्हेंबरमध्ये. त्याने टाइप केलं, "उजवा खांदा, नोव्हेंबरपासून दुखतो." त्या वर्षी लक्ष्मीपूजन ७ नोव्हेंबरला होतं आणि लस ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातली. म्हणजे कागदावर महिनाभराचं अंतर. वर जानेवारीच्या भेटीच्या नोंदीत खांद्याचा उल्लेखच नाही, म्हणजे वाचणाऱ्याला वाटणार की तेव्हा खांदा ठणठणीत होता. आपण सणांवरून दिवस मोजतो, गणपतीच्या आधी, संक्रांतीनंतर, त्यात आपल्याला काही चुकीचं वाटत नाही आणि नाहीच आहे, पण डॉक्टरच्या कॉम्प्युटरमध्ये ते एका महिन्याचं नाव होऊन बसतं आणि मग तोच पुरावा.

सुदैवाने कायद्यात ह्याची सोय आहे. लक्षणाची नोंद झाली नसेल किंवा चुकीच्या तारखेची झाली असेल तरी ते मुदतीतच सुरू झालं होतं असा निष्कर्ष काढायची मुभा निकाल देणाऱ्याला दिलेली आहे. पण त्याच कायद्यात असंही आहे की नुसत्या तुमच्या शब्दावर, मेडिकल रेकॉर्ड किंवा डॉक्टरच्या मताच्या आधाराशिवाय, भरपाई देता येत नाही. मग आम्ही काय केलं, तर ताईचं शपथपत्र, भाओजींचं शपथपत्र, माझं शपथपत्र, आणि तो रात्री साडेदहाचा मेसेज, मूळ मराठी आणि शेजारी इंग्रजी भाषांतर. शिवाय मार्चमध्ये फिजिओथेरपिस्टच्या पहिल्या फॉर्मवर तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं "फ्लूची लस घेतली त्या संध्याकाळपासून". ते एक वाक्य सोन्याचं ठरलं. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे की दोन आठवड्यांत दुखणं गेलं नाही तर डॉक्टरला दाखवा आणि तिथे सणाचं नाव न घेता सांगा, अमुक तारखेला लस घेतली, ह्या हातात, त्याच रात्री दुखायला लागलं. दुसऱ्या कशासाठी गेला असाल तरी खांद्याचं सांगा. नंतर ऑनलाइन पोर्टलवर नोंद वाचा, चुकीची असेल तर लगेच दुरुस्त करायला सांगा.

कोणत्या हातात, हेही फार महत्त्वाचं. फार्मसीच्या फॉर्मवर डावा का उजवा ह्यावर खूण असते आणि बहुतेक जण उजव्या हाताने कामं करतात म्हणून डावा असं सवयीने भरलेलं असू शकतं. लस घेऊन उठायच्या आत तो कागद बघून घ्या. त्यावर लशीचं नाव, लॉट नंबर, तारीख आणि हात असायला हवा, फोटो काढून ठेवा.

दुसरी मुदत सहा महिन्यांची. त्रास सहा महिन्यांपेक्षा जास्त टिकलेला असावा, नाहीतर हॉस्पिटलात भरती होऊन शस्त्रक्रिया झालेली असावी. चार महिन्यांत बरे झालात तर क्लेम नाही, आणि बरे झालात ह्यात आनंदच आहे. गोची कुठे होते, तर इन्शुरन्सच्या फिजिओथेरपीच्या सेशन्स संपतात, माणूस घरीच व्यायाम करत बसतो, डॉक्टरकडे जाणं थांबतं, आणि कागदावर दिसतं की चौथ्या महिन्यानंतर तक्रारच नाही. ताई तेव्हा तीन आठवडे पुण्याला आली होती आणि आईच्या ओळखीच्या फिजिओकडे रोज जायची, पैसे रोख, पावती नाही. नंतर आम्ही त्या फिजिओताईंकडून लेटरहेडवर तारखांसकट पत्र घेतलं, त्यांनी हात किती अंशांपर्यंत वर जात होता तेही वहीतून काढून दिलं. भारतातल्या उपचारांचे कागदही जोडता येतात, फक्त मागून घ्यायचे, लगेच.

तिसरी मुदत क्लेम दाखल करायची, तीन वर्षांची, पहिलं लक्षण दिसलं त्या दिवसापासून. लस घेतल्याचा दिवस नाही, निदान झालं तो दिवस नाही, हे सिर्वा आहे असं तुम्हाला कळलं तो दिवस तर नाहीच. तीन वर्षं भरपूर वाटतात पण सहा महिने दुखण्यात जातात, वर्ष डॉक्टर बदलण्यात, मग कोणीतरी सांगतं असं काहीतरी असतं म्हणून. लोक इथे अजून एक चूक करतात, व्हेअर्स नावाच्या सरकारी सिस्टिममध्ये दुष्परिणामाची नोंद करतात आणि समजतात क्लेम झाला. ती फक्त माहिती गोळा करायची व्यवस्था आहे, भरपाईशी तिचा संबंध नाही.

कोविडच्या लशीने खांदा धरला असेल तर हे सगळं लागू नाही. तिच्यासाठी वेगळा प्रोग्राम आहे, सीआयसीपी, त्यात लस घेतल्यापासून फक्त एक वर्षाची मुदत, वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फी नाही. मला हा फरक अन्यायाचा वाटतो, खांदा तोच, सुई तीच. नागिणीची लस, जी पन्नाशीनंतर घेतात, तीही व्हीआयसीपीत नाही, तिथे साध्या कोर्टात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. म्हणून फ्लूची आणि नागिणीची एकाच दिवशी घेत असाल तर दोन वेगळ्या हातांत घ्या आणि कोणती कुठे ते लिहून घ्या.

केस चालते वॉशिंग्टनमधल्या युनायटेड स्टेट्स कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये. ज्युरी नसते, स्पेशल मास्टर म्हणून निकाल देणारे असतात. फाइल करायची फी आता ४०५ डॉलर. आरोग्य खात्याचे डॉक्टर कागद तपासतात, मग जस्टिस डिपार्टमेंटचे वकील उत्तर देतात, मान्य आहे किंवा ह्या-ह्या कारणासाठी नाही. मान्य केलं तर फक्त रकमेचं बोलणं उरतं. नाही केलं तर तारखेसारख्या मुद्द्यावर आधी वेगळा निर्णय होतो, ताईचं तसंच झालं. एकंदर मिळणाऱ्या भरपाईतली निम्म्याहून जास्त प्रकरणं तडजोडीने मिटतात. कोर्टात उभं राहावं लागेल ह्याची भीती बऱ्याच जणांना असते, ताईला एकदाही वॉशिंग्टनला जावं लागलं नाही, सगळं कागदांवर आणि फोनवर झालं. वेळ मात्र लागतो, दोन-तीन वर्षं धरून चाला.

वकिलाचा खर्च हा ह्या कायद्यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. तुमच्या भरपाईतून वकील टक्केवारी घेऊ शकत नाही, मनाईच आहे. त्याची फी कोर्ट ठरवतं आणि तो फंडच देतो, आणि केस हरलात तरी देऊ शकतो, फक्त ती प्रामाणिकपणे आणि काहीतरी आधार धरून केलेली असली पाहिजे. कोणी तीस टक्के मागितले तर उठून या. अशा वकिलांची यादी त्या कोर्टाच्या वेबसाइटवर आहे, वकील दुसऱ्या राज्यातला असला तरी चालतो.

पैसे किती? वेदना आणि त्रासासाठी कायद्याने कमाल मर्यादा २,५०,००० डॉलर आहे आणि ती १९८६ पासून तेवढीच आहे, महागाई कुठल्या कुठे गेली तरी. सिर्वाच्या बहुतेक केसेस त्याच्या बऱ्याच खाली असतात, शस्त्रक्रिया झाली असेल तर जास्त, हात किती महिने किती वर जात होता, रात्री झोप लागत होती का, स्टिरॉइडची इंजेक्शनं किती झाली, ह्यावर ठरतं. वर इन्शुरन्सने न दिलेला उपचाराचा खर्च आणि बुडालेला पगार वेगळा. ताईची रक्कम सांगत नाही, तिला आवडणार नाही. पण हे सांगते की निकाल कोर्टाच्या वेबसाइटवर नावासकट प्रसिद्ध होतात, काही खाजगी माहिती झाकून हवी असेल तर निकालानंतर १४ दिवसांत अर्ज करावा लागतो, वकिलाला आधीच सांगून ठेवा.

केस टेबलात बसली नाही, समजा दुखणं चौथ्या दिवशी सुरू झालं, तरी दार बंद नाही. मग लशीमुळेच झालं हे तज्ज्ञ डॉक्टरच्या मतासह दाखवावं लागतं, आल्थेन नावाच्या खटल्याच्या २००५ च्या निकालातल्या तीन कसोट्यांवर. अवघड असतं, होतं मात्र. आणि नियम कायमचे आहेत असं समजू नका. २०२० मध्ये सरकारने सिर्वा टेबलातून काढायचा प्रस्ताव आणला, जानेवारी २०२१ मध्ये तो नियमही झाला, आणि एप्रिलमध्ये नव्या सरकारने मागे घेतला. ताईची केस तेव्हा अर्ध्यात होती. जुन्या केसेसना धक्का नव्हता हे वकिलाने समजावून सांगितलं, तरी ते तीन महिने आम्ही रोज बातम्या बघत होतो.

भारतात असा प्रोग्राम नाही. इथे खाजगी दवाखान्यात लस घेऊन खांदा धरला तर ग्राहक आयोगात जाता येतं, १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, मुदत दोन वर्षं. पण तिथे डॉक्टरचा किंवा नर्सचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो आणि नुसतं दुखतंय एवढ्यावर ते होत नाही.

आणि शेवटी, ज्यांचे आई-बाबा सहा महिन्यांसाठी अमेरिकेत येतात त्यांच्यासाठी. नागरिकत्वाची अट ह्या कायद्यात नाही, लस अमेरिकेत दिली गेली असेल तर व्हिजिटरसुद्धा क्लेम करू शकतो, परत गेल्यावरही. म्हणून ऑक्टोबरात आईला फार्मसीत नेताना सैल बाहीचा ब्लाउज किंवा बिनबाह्यांचा टॉप घालायला सांगा, लस देणाऱ्यालाही बसून द्यायची विनंती करा, आणि नंतर मिळालेला तो कागद तिच्या पासपोर्टच्या पाउचमध्ये ठेवा. घरी पोचल्यावर आठवड्याभरात फोनवर विचारा, हात वर जातोय का, पाठीमागे जातोय का. "जरासा दुखतो, होईल बरा" असं म्हणाली तर तारीख विचारून लिहून ठेवा आणि तिला दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे पाठवा.